सगळ्यांच्या आवडीचे तोंडीलावणे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव कोणते आणि तिथला राजा कोण, ते विचारू नका, कारण राजाचे या गोष्टीत काही काम नाही. त्या गावात एक म्हातारा मापारी राहत असे. बाजारात आलेले धान्य पायलीने मापून द्यायचे, हे त्याचे काम. कोणाला मूठभर जास्त नाही, कोणाला मूठभर कमी नाही. त्याच्या मापाबद्दल गावात कोणी ब्र काढत नसे आणि याचा त्याला थोडा गर्व होता. थोडा म्हणजे बराच.

त्याची बायको जाऊन वर्ष झाले होते. वर्षभर घरात सण झाला नव्हता. दसरा जवळ आला तसे म्हाताऱ्याने निरोप धाडले. थोरला मुलगा आणि सून घरातच होती. धाकटा डोंगरापलीकडे मेंढ्या राखायचा, तो आला. लेक सासरहून आली.

"सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवावं, एवढंच माझं मागणं आहे," म्हातारा म्हणाला.

पुरणपोळी, कटाची आमटी, भाजी, सगळे सुनेने अंगावर घेतले. मग ती म्हणाली, "मामंजी, ताटाची डावी बाजू तेवढी राहिली. ती सासूबाईंनी मला कधी करूच दिली नाही."

डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबाची फोड आणि त्यांच्या शेजारी चमचाभर तोंडीलावणे. त्या घरात सणाला पानात तोंडीलावणे एकच असे. म्हातारी ते एकटीने करायची, पदराआड झाकून आणायची आणि वाढताना दर वेळी म्हणायची, "सगळ्यांच्या आवडीचं केलंय हो!"

"त्यात काय अवघड?" थोरला म्हणाला. "आई काकडीची कोशिंबीर करायची. दह्यातली, वरून जिऱ्याची फोडणी."

"कोशिंबीर?" धाकटा हसला. "पंचामृत म्हण, दादा. देवाचं नव्हे, खायचं. चिंच, गूळ, तीळ आणि हिरव्या मिरच्या. अजून जिभेवर आहे माझ्या."

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "तुम्ही दोघं कुठल्या घरात वाढलात रे? आई ओल्या नारळाची चटणी करायची. चिमूटभर साखर घालून."

म्हातारा गोंधळला. त्याला तर पक्के आठवत होते की बायको दर सणाला कारल्याची चटणी करायची. कडू, खमंग, वर तीळ घातलेली. चाळीस वर्षे त्याने तीच खाल्ली होती. पण तिघांचे चेहरे पाहून त्याने आपले म्हणणे गिळले.

हसण्यावारी सुरू झालेले बोलणे बघता बघता हमरीतुमरीवर आले. "आईच्या हातची चव मी विसरेन?" थोरला गरजला. "म्हणजे मी खोटं बोलतोय?" धाकट्याने विचारले. "आमची आई आम्हालाच आठवत नाही म्हणता?" असे म्हणून लेक रडायला लागली. चटणीसाठी कोणी इतके भांडत नाही. आई आपल्याला आठवते तशी नव्हतीच, असे कोणी म्हटले तर मात्र माणूस भांडतो.

शेवटी धाकटा म्हणाला, "बाबा, आईचं पंचामृत पानात नसेल तर पुढच्या सणापासून माझी वाट बघू नका." थोरला म्हणाला, "आणि कोशिंबीर नसेल तर मी माझी चूल वेगळी मांडतो." लेकीने तर अजून आपले गाठोडेही उघडले नव्हते.

म्हाताऱ्याचे डोके चक्रावून गेले. तिघेही खोटे बोलणारे नव्हते. तो स्वतःही नव्हता. मग बायकोने चाळीस वर्षे केले तरी काय? तिने चार संसार केले की काय? त्याने पुष्कळ विचार केला, आणि पुष्कळ विचार करून माणूस करतो तेच केले. म्हणजे आपले तेच खरे मानले. दसऱ्याच्या सकाळी त्याने स्वतः कारली चिरली, परतली, वाटली. चव जुळली नाही, पण कडूपणा बरोबर जमला.

"आज मी वाढणार. सूनबाई, तूही बैस," तो म्हणाला. चार पाने मांडली. चारी पानांत त्याने मोजून सारखा चमचा चटणी वाढली.

पहिल्या घासाला चौघांची तोंडे वाकडी झाली.

"बाबा! सणाला कारलं?" थोरला म्हणाला.

"तुमची आई दर सणाला हेच करायची!"

"कधीच नाही!" तिघेही एकदम ओरडले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे एकमत झाले होते.

म्हातारा हातात वाटी घेऊन तसाच उभा राहिला. समोर चार पाने होती. एकात मिरची बाजूला काढलेली, एकात लिंबू पिळून संपलेले, एकात मीठ तसेच. चार जणांची चार पाने त्याने जन्मात पहिल्यांदा एका नजरेत पाहिली. या घरात जेवताना मान खाली घालून आपल्या पानात बघायचे, असा दंडक होता. दुसऱ्याच्या पानात डोकावलेले म्हातारीला मुळीच खपायचे नाही. फक्त वाढणाऱ्याला सगळी पाने दिसत. आणि आजपर्यंत वाढायची ती एकटीच.

त्याने हळूच धाकट्याला विचारले, "दादाच्या पानात काय असायचं, तू कधी पाहिलंस?"

"नाही. बघितलं की आई हातावर चापट द्यायची."

"आणि तू गं? भावाच्या पानात?"

"मी कशाला बघू?" लेक म्हणाली आणि बोलता बोलता थबकली.

सून खाली मान घालून म्हणाली, "मला सासूबाई कारळ्याची, म्हणजे कारळे तिळांची कोरडी चटणी वाढायच्या. माझ्या माहेरी सणाला तीच असते. मला वाटायचं, या घरचीही तीच रीत आहे."

आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षे कोणालाच कसे कळले नाही? अहो, गरम पोळीवर तुपाची धार पडत असताना शेजारच्याच्या पानात बघायला सवड कोणाला असते? आणि "सगळ्यांच्या आवडीचं" हे शब्द कानावर आले की प्रत्येकाला वाटायचे, आपल्याला आवडते तेच सगळ्यांना आवडते. तिने एकदाही खोटे सांगितले नव्हते. ऐकणाऱ्यांनीच चुकीचे ऐकले होते.

थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "पंचामृत खरंच चांगलं लागायचं का रे?" धाकट्याला हसू फुटले. सून लगबगीने उठून काकडी चोचवायला गेली, कोणी चिंच भिजत घातली, कोणी नारळ फोडला. वेगळ्या चुलीची गोष्ट कोणाच्या लक्षातही राहिली नाही. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात लेकीने विचारले, "बाबा, आणि आईच्या पानात काय असायचं हो?"

म्हाताऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. तिला आंबट आवडायचे? गोड? तिखट सोसायचे का तिला? त्याने आठवून आठवून पाहिले, पण काही केल्या हाती लागेना. त्याने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. मग सगळ्यांनीच सुनेकडे पाहिले.

"वहिनी," लेक म्हणाली, "तू तर सगळ्यांच्या मागून तिच्या शेजारी बसून जेवायचीस. सांग ना!"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. "दुसऱ्याच्या पानात बघायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं ना मला."

म्हातारा खाली बसला. वाटीतली चटणी जमिनीवर सांडली, तरी त्याचे लक्ष नव्हते. चाळीस वर्षांत आपण तिला एकदाही विचारले नाही, याचे त्याला फार वाईट वाटले आणि तो सगळ्यांच्या देखत रडला.

त्या घराची चूल एकच राहिली. धाकटा दर सणाला येतो, लेक आल्या आल्या गाठोडे उघडते. आता तिथे गोल करून बसतात, एकमेकांच्या पानातले मागून खातात, आणि वाढणाऱ्याला आधी विचारतात, "तुला काय हवं?" सणाला म्हातारीच्या नावाचे एक पान मात्र अजून काढून ठेवतात. त्याची उजवी बाजू झटकन वाढून होते. डाव्या बाजूला काय वाढायचे, म्हणून सगळेच हातात चमचा धरून उभे राहतात, आणि कोणालाच काही सांगता येत नाही.

बोध : जो सगळ्यांची आवड जपतो, त्याची आवड तो समोर असतानाच विचारून घ्यावी.