हाक न घेतलेला टॅब

एका गावात एक शेळ्यांचा व्यापारी होता, केरबा त्याचं नाव. दात बघून तो शेळीचं वय सांगायचा, खूर बघून चाल सांगायचा, आणि हे सगळं कुणी न विचारता सांगायचा. गावाला त्याचं कौतुक होतं. त्याला स्वतःचं त्याहून जास्त होतं.

त्या गावच्या शेळीबाजाराची एक रीत होती. विकणाऱ्याने शेळीचं दावं सोडायचं, थोडं लांब जाऊन उभं राहायचं आणि तिला हाक मारायची. शेळी धावत आली तर ती त्याची. नुसतीच इकडेतिकडे बघत राहिली, तर समजायचं की हे जनावर कुणाच्या तरी दारातून उचललंय. याला तिथे ‘हाक घेणं’ म्हणत. हाक घेतल्याशिवाय त्या बाजारात करडूसुद्धा विकलं जात नसे.

आणि हाक घ्यायला उभा कोण असायचा? केरबाच. एकदा एका माणसाची शेळी हाकेला आली नाही, तर या केरबाने त्याची गचांडी धरून त्याला बाजारभर फिरवलं होतं. “चोरापेक्षा चोरीचा माल घेणारा वाईट!” असं ओरडून घसा बसवला होता. हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते आठवलं की अजून संताप येतो.

केरबाच्या धाकटीला शाळेच्या अभ्यासासाठी टॅब हवा होता. नवा परवडत नव्हता असं नाही, पण स्वस्तात मिळत असेल तर केरबा स्वर्गासाठीसुद्धा घासाघीस करणारा. एका दिवशी बाजार उठल्यावर गळ्यात मफलर गुंडाळलेला एक तरुण त्याच्याजवळ आला. पिशवीतून त्याने टॅब काढला.

“मामा, एकदम नवाकोरा. अर्ध्या किमतीत देतो.”

“बिल आहे का?”

“हरवलं हो.”

“खोकं?”

“घर बदलताना गेलं.”

“बरं, चालू करून दाखव.”

“लॉक आहे मामा, चुलतभावाने टाकलंय. दुकानात नेलं की पाच मिनिटांत निघतं.”

आता सांगा. हीच जर शेळी असती तर? मालक लांबून ओरडतोय आणि ती ढुंकून बघत नाही, अशी शेळी केरबाने घेतली असती? दावं हिसकावून घेतलं असतं त्याने! पण इथे माल स्वस्त होता आणि बघणारं कुणी नव्हतं. त्याने पैसे दिले आणि टॅब सदऱ्याखाली घालून घर गाठलं. चांगल्या मालाला सदऱ्याखाली घालायची गरज पडत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं.

घरी बायकोने, हौसाने, बटण दाबलं. काचेवर अक्षरं आली. तिने ती मोठ्याने वाचली.

“हा टॅब आमच्या रेणूचा आहे. ती बोलू शकत नाही, याच्यातूनच बोलते. कुणाला सापडला तर कृपया फोन करा.” खाली नंबर होता.

हौसाने टॅब केरबापुढे धरला. मग हौसा म्हणाली, “अहो, आत्ताच्या आत्ता फोन लावा.”

“आणि माझे पैसे कोण देणार? तुझा बाप?”

“बापाचं नाव काढू नका! मुक्या लेकराचं आहे ते. जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.”

“मी चोरलाय का? मी रोख पैसे मोजलेत. आणि असं काहीबाही कुणीही लिहितं.”

केरबाने तिच्या हातातून टॅब ओढून घेतला. पण ओढून घेण्याआधी हौसाने नंबर पाठ केला होता.

केरबा तालुक्याच्या एका दुकानात गेला. दुकानदाराने ती अक्षरं वाचली, केरबाकडे बघितलं आणि कुठून आणला हे विचारलंसुद्धा नाही. दोघे एकाच माळेचे मणी. तो म्हणाला, “आतलं सगळं पुसावं लागेल.”

“पूस,” केरबा म्हणाला.

बस्स. एवढाच शब्द. त्याने पुसलं, आणि टॅब परत सुरू झाला तेव्हा काचेवर एकच प्रश्न होता. पहिल्या मालकाचा पासवर्ड काय?

“आता?” केरबाने विचारलं.

“आता मालकाशिवाय हा उघडत नाही,” दुकानदाराने खांदे उडवले. “पाटी म्हणून वापरा.”

केरबा पाय आपटत घरी आला आणि त्या मफलरवाल्याला शिव्या घालू लागला. “फसवलं मला! चोर साला!” हौसाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्यासमोरच फोन उचलला आणि तो नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून रेणू आणि तिची आई आल्या. आई शिवणकाम करायची. एसटी स्टँडवर कुणीतरी तिच्या पिशवीतून टॅब काढला होता. तेव्हापासून रेणू भूक लागली की ताट आपटायची आणि दुखलं की भिंतीवर डोकं आपटायची, कारण सांगणार कशाने? दारात शेजारीपाजारी जमले. शेळीबाजारातले म्हातारे वसूतात्याही काठी टेकत आले.

आईने टॅब हातात घेतला आणि पासवर्ड घातला. टॅब लगेच उघडला.

“हाकेला आला,” वसूतात्या हळूच म्हणाले. केरबाने मान खाली घातली.

रेणूने आईच्या हातातून टॅब जवळजवळ हिसकावला. वरच्या कोपऱ्यात, दाबलं की बोलणारं, पाण्याच्या पेल्याचं चित्र असायचं, तिथे तिने बोट ठेवलं. काही वाजलं नाही. शेजारी ताट असायचं, तिथे ठेवलं. मग पोटात दुखण्याचं चित्र. मग आईचं. प्रत्येक ठिकाणी ती बोट ठेवायची आणि कान काचेला लावून ऐकायची.

“काय केलंत तुम्ही?” आईने केरबाला विचारलं. “शिलाईचं मशीन थांबवून थांबवून एकेक शब्द बोलले होते मी त्याच्यात. दोन वर्षं बोलत होते. दुसरीकडे साठवून ठेवायचं असतं हे मला अडाणीला कुणी सांगितलं नाही. कुठे गेले ते शब्द?”

“ताई, मला काय ठाऊक...”

“ठाऊक होतं!” हौसा कडाडली. “मी वाचून दाखवलं होतं!”

केरबाने खिशात हात घातला. “नुकसान भरून देतो.”

“पैसे ठेवा तुमच्याकडेच,” आई म्हणाली. “मी पुन्हा बसेन, पुन्हा सगळे शब्द बोलेन. तोवर माझ्या लेकीच्या पोटात दुखलं तर मला कळणार कसं, ते तेवढं सांगा.”

आईने रेणूला घेतलं आणि थेट पोलीस चौकी गाठली. मफलरवाल्याचं वर्णन आणि दुकानाचा पत्ता द्यायला हौसा स्वतः तिच्याबरोबर गेली, आणि केरबालाही तिने पुढे घातलं.

पुढच्या बाजारात केरबा नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. एक बाई शेळी घेऊन आली. “सोड दावं, मार हाक,” केरबा म्हणाला.

बाईने दावं सोडलं नाही. तिने वसूतात्यांकडे बघितलं. “तात्या, हाक तुम्ही घ्या. ह्यांच्यासमोर मी माझी शेळी मोकळी सोडणार नाही.”

बाजारात कुणीही तिला गप्प बस म्हटलं नाही. केरबा बाजूला झाला, आणि त्या जागेवर त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

तात्पर्य हवंय? घ्या, आणि नीट घ्या: जी वस्तू विकणाऱ्याच्या हाताने उघडत नाही, जिचं बिल दाखवता येत नाही, ती त्याची नसते. ती कुणाची तरी हरवलेली असते, आणि ती स्वस्तात घेणारा चोराचा भागीदार असतो.