दिव्याची खरखर

भोसरीच्या कारखान्यात सुमेधा पाटणकर यूएसबीवर चालणाऱ्या टेबलदिव्यांची चाचणी करायची. दिव्यातून निघणारा, जवळच्या उपकरणांत खरखर उठवणारा विद्युत-गोंगाट मर्यादेबाहेर गेला, म्हणून तिने माल पास करायची सही नाकारली.

मालक धारपसाहेब सगळ्यांसमोर हसले. "हा गोंगाट ऐकू येतो कुणाला, मॅडम?"

साहेब केसांआड श्रवणयंत्र लावतात, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिने दिवा त्यांच्या कानाजवळ नेऊन चालू केला. कानात उठलेल्या खरखरीने दचकून साहेबांनी यंत्र उपटून काढलं.

"तुम्हाला येतो, साहेब."

यंत्र हातात होतं, त्यामुळे त्यांना ते ऐकू आलं नाही. तिला मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं.

माल थांबला, दिवे सुधारले. पण हे दार लावून दोघांतच सांगता आलं असतं, ही चुटपुट सुमेधाला कायमची लागून राहिली.