चांगुणा राणीचा महाल

एक होती राणी. चांगुणा तिचं नाव. आणि राज्य केवढं, तर समुद्रातलं एक बेट, ताटासारखं सपाट. ना डोंगर, ना टेकडी. उंच काय ती नारळाची झाडं.

बेटाभोवती पाण्यात खडकांचं कडं होतं, हातातल्या बांगडीसारखं. चांगुणाला वाटलं, आपल्याला महाल हवा. मग तिनं कड्याचे दगड काढवले आणि पांढराशुभ्र महाल बांधला. लांबलांबची गलबतं तो बघायला यायची. राणीची मान कशी ताठ व्हायची.

मग एका सकाळी काय झालं, लख्ख ऊन पडलेलं. वारा नाही, आभाळात ढगाचा ठिपका नाही. आणि समुद्र उठला, बरं का. कसला आवाज न करता गावात शिरला. चुली विझल्या, कोंबड्या वाहून गेल्या. लोक म्हणाले, दर्या रागावला. राणीनं त्याला नारळ वाहिला.

पण पुढं एका पुनवेला पुन्हा तसंच झालं. या खेपेला पाणी गोड्या विहिरीत गेलं. विहीर खारट झाली. बायका रिकाम्या घागरी घेऊन महालापुढं बसल्या. राणीला ते बघवेना.

"धर्मा, होडी काढ," ती तांडेलाला म्हणाली. "दर्याचं काय म्हणणं आहे ते मीच विचारते."

मग निघाली होडी. बेट दिसेनासं झालं. तिथं समोरून एक लाट आली. केवढी, म्हणाल तर गावाएवढी रुंद, आणि चाल अगदी संथ. तिनं होडी अलगद पाठीवर घेतली.

"का गं बाई, आमच्यावर राग का?" राणीनं विचारलं.

"राग कसला?" लाट म्हणाली. "लांब दक्षिणेला वादळ झालं, तिथं मी जन्मले. वादळ कधीच निवलं. मी आपली चालतेय. मला थांबता येत नाही, राणी. पूर्वी माझ्या बहिणी तुझ्या कड्याला ठेचकाळायच्या आणि तिथंच फेस होऊन विरायच्या. आता ठेच लागत नाही. त्यात पुनवेची भरती असली की सरळ तुमच्या घरात."

राणीचं तोंड उतरलं. तिनं धर्माला होडी वळवायला सांगितली. किनाऱ्याला लागल्यावर तिनं पदर खोचला, महालाच्या कोपऱ्यातला दगड स्वतः उपसला आणि होडीत टाकला.

धर्मा म्हणाला, "बाईसाहेब, महाल जाईल."

"जाऊ दे. कडं राहील."

मग काय, सगळं बेट कामाला लागलं. म्हातारे, पोरंसोरं, घागरीवाल्या बायका, सगळे. भिंती उतरल्या, खांब उतरले. होड्या भरभरून दगड गेले आणि पाण्यात पुन्हा बांगडी बसली. राणी झावळ्यांच्या झोपडीत राहायला गेली.

मग आली पुनवेची भरती. आली लाट, पहिलीहून मोठी. लोक किनाऱ्यावर एकमेकांचे हात धरून उभे. लाट कड्याशी आली, ठेचकाळली आणि धाडकन कोसळली. फेस हळूहळू सरकत आला, राणीच्या पायाची बोटं भिजवली आणि मागं गेला. धर्मानं डोक्याचं मुंडासं काढून राणीपुढं मान लववली. राणीला रडू आलं आणि हसूही आलं.

पुढं पाऊस झाले, विहीर परत गोड झाली. बेटावर सगळे पोटभर जेवले, निवांत नांदले. कधी नवं गलबत यायचं. खलाशी विचारायचे, "एवढं ऐकलं होतं, कुठं आहे तुमच्या राणीचा महाल?"

तेव्हा तिथलं लहानसं पोरसुद्धा छाती काढून समुद्राकडं बोट करायचं. "तो काय, पांढरा फेस उडतोय ना, तिथं."

झालं. घ्या पांघरूण वर, आणि मिटा बघू डोळे.