टिटव्याची पाळी

लई मागं, पाखरं बी माणसावानी भांडायची तवाची गोष्ट. भर उन्हाळ्यात टिटवीनं उघड्या माळावर अंडी घातली. उन्हानं उकडून जाऊ नयेत म्हणून ती दिवसभर त्यांच्यावर सावली धरून बसायची. टिटवा ढेकळावर उभा राहून नुसता वरडायचा.

"आवं, जरा बसता का? वढ्यावर घोटभर पाणी पिऊन येते."

"मी राखण करतुया, दिसत न्हाई? बसायचं काम बाईचं!"

"राखण म्हंजे वरडणंच ना? ते मी बसल्या जागी बी करते की!"

दुपारी टिटवीला घेरी आली, तिची मान कलली. तवा कुठं टिटवा घाबरला. "जा, आधी पाणी पी," म्हणत स्वतः बसला. पाठ भाजली, जीभ टाळ्याला चिकटली, खाली अंडी बी तापाय लागली.

टिटवी आली ती पोट भिजवून. वल्ल्या पोटानं तिनं अंडी गार केली. "आता तुमी जावा, असंच भिजून या."

तवापासनं दोघं पाळीपाळीनं बसाय लागली. बाभळीवरनं कावळा हसला, "काय रं, बायकोचं काम करतूस व्हय?"

टिटवा उखडला. "मुडद्या, अंडी काय तिच्या एकटीची हायेत? खाली ये, घटकाभर बसून दाव, मग बोल!"

कावळा काय उतरला न्हाई.

पिल्लं धडधाकट निघाली. ऊन लागलं की जवळ असंल त्याच्या पोटाखाली शिरायची. आई हाय का बाप, बघायची बी न्हाईत.