चाचणीचा पाट

करवंदीच्या रानात ठिपकेराव नावाचे बिबटे राज्य करत होते. ते रीतसर निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध एक हरीण उभं राहिलं होतं, पण प्रचाराच्या पहिल्याच दिवशी ते दिसेनासं झालं आणि ठिपकेराव बिनविरोध आले.

या रानातले प्राणी पटावरचे खेळ बनवून आसपासच्या रानांना विकत. पट सुगरणी विणत, रंग खारी भरत. खेळ सुचायचा मात्र साळूबाई नावाच्या साळिंदराला. एकदा तिने हौसेने आपले दोन गळलेले काटे सोंगट्या म्हणून मांडले. ठिपकेराव खूश झाले आणि प्रत्येक पेटीत काटे घालायचा हुकूम सुटला. पेट्या वाढल्या. काटे गळायची वाट कोण बघणार? ते उपटणं सुरू झालं.

साळूबाईची पाठ सोललेल्या कणसासारखी दिसू लागली. बिबट्याच्या राज्यात बिनकाट्यांच्या साळिंदराचं काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ठिपकेराव हल्ली तिच्या तब्येतीची चौकशीही जरा जास्तच करत.

ती कल्याणमंत्री तरसोजींकडे गेली. "साहेब, सोंगट्यांना चिंचोके चालतील की. माझे काटे मला लागतात हो."

"साळूबाई, आपण एक कुटुंब आहोत. घरच्या घरात काटे कसले मोजता?" तरसोजी हसले. ते तरस असल्यामुळे सगळ्यालाच हसत, म्हणून तक्रारींचं खातं त्यांच्याकडे होतं.

पण कुजबुज पसरली. खारींच्या शेपटीचे केस कुंचल्यांना जात होते, त्यांनाही कंठ फुटला. तेव्हा ठिपकेरावांनी सभा बोलावली.

खेळघराचा एक जुना नियम होता. नवा खेळ विकण्याआधी परक्या रानातले प्राणी बोलावून त्याची चाचणी घ्यायची. त्या वेळी खेळ बनवणाऱ्याने कोपऱ्यातल्या पाटावर तोंड मिटून बसायचं. खेळणारे चुकोत, हसोत, शिव्या देवोत, त्याने हूं की चूं करायचं नाही. नियम चांगलाच होता. विकलेल्या खेळासोबत कारागीर थोडाच घरोघरी समजवायला जातो?

"बंधूंनो आणि भगिनींनो," ठिपकेराव गरजले, "आपलं राज्यही नवं आहे. त्याची चाचणी चालू आहे! ते घडवणारे कोण? तुम्ही! तेव्हा नियमाप्रमाणे तोंड कोणी मिटायचं?"

"आम्ही!" सगळे ओरडले, आणि मग गप्प झाले. 'आधी खेळ, मग बोल' अशी पाटी दारावर लागली.

वर्ष गेलं. निवडणूक जवळ आली, आणि खेळांच्या झाकणांवर नाव झळकलं: 'निर्माते ठिपकेराव'. साळूबाईला फार वाईट वाटलं. पण बोलायची बंदी होती.

भर जत्रेत, मतदारांसमोर, नव्या खेळाची चाचणी ठेवली. नदीपलीकडून रानडुक्कर खेळायला आलं. ठिपकेराव त्याला खेळ समजावून सांगायला पुढे झाले. तेव्हा साळूबाई काही न बोलता उठली. तिने कोपऱ्यातला पाट पुसला आणि ठिपकेरावांपुढे सरकवला.

डुकराने झाकण वाचलं. "बराबर हाय की. नाव तुमचं, म्हंजे पाट तुमचा. बसा आन् त्वांड मिटा."

नाव आपलं नाही म्हणावं, तर समोर मतदार. ठिपकेराव बसले.

डुकराने पहिलीच सोंगटी उचलली आणि ते किंचाळलं. "आयला! ह्ये काटं कुठल्या येड्यानं घातलं?"

ठिपकेरावांनी जबडा उघडला.

"श्शू!" साऱ्या खारी एकदम म्हणाल्या. "चाचणी चालू आहे!" वर्षभरात त्यांनी काढलेला हा पहिला शब्द, आणि तो काढताना त्यांना काय सुख झालं म्हणून सांगू!

"प्वारं खेळायची हायती," डुक्कर नाक चोळत म्हणालं. "चिंचोकं घाला, न्हाईतर आम्ही घेत न्हाई."

जत्रेने माना डोलावल्या. साळूबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. पाठ वाचली होती.

चाचणी संपताच ठिपकेराव उठले. "मित्रहो! काटे ही मागच्या राजाची चूक. चिंचोके ही माझी दूरदृष्टी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काटे सुरू झाले तेव्हाही राजे ठिपकेरावच होते, हे सगळ्यांना आठवत होतं. तरसोजी हसले.

साळूबाईच्या पाठीवर आता नवे काटे आले आहेत. ठिपकेराव हल्ली तिच्या तब्येतीची चौकशी करत नाहीत. ते पुन्हा निवडून आले. झाकणावर नाव अजून त्यांचंच आहे. फक्त खाली बारीक अक्षरांत सूचना वाढली आहे: खेळात काही दोष आढळल्यास कृपया मागच्या राजाशी संपर्क साधावा.