बोट लागलेल्या बाई

आरमाराच्या इतिहासाचा पहिला खंड निवृत्त कमोडोर सुर्व्यांनी लिहिला होता. दुसरा आपल्याला लिहायला मिळावा, ही प्राध्यापिका वत्सला टिपणिसांची फार इच्छा. पण जलदुर्ग पाहायला दोघं लाँचने निघाले आणि बाईंना बोट लागली. त्या कठड्यावरून वाकून ओकू लागल्या.

“उलट्या करणाऱ्यांनी आरमाराचा इतिहास लिहू नये,” कमोडोर म्हणाले.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. “घाटावरचे शूर शिपाई गलबतावर चढवले, तर ऐन लढाईत नुसते पडून राहिले. हे कोडं सुटत नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो. मग?”

“मला आत्ता सुटलं. उभ्या नोकरीत तुम्हाला कधी बोट लागली नाही, तुम्हाला कसं सुटणार?”

कमोडोर खो खो हसले. आवळासुपारीची डबी पुढे करत म्हणाले, “ही घ्या. आणि दुसरा खंडही घ्या.”