मागितला तो वास

एका राज्यात माणसांना नाकं होती, पण नाकांना काम नव्हतं. चाफा फुलायचा, त्याखाली कुणी थांबत नसे. आमटी करपायची आणि धूर डोळ्यांत गेल्यावर घरात कळायचं. दूध नासलं की नाही हे चाखूनच ठरवावं लागे, आणि चाखणारा बिचारा दिवसभर तोंड वाकडं करून हिंडे. तान्ही मुलं आईच्या कुशीत असूनही आईला शोधत रडायची. वाट चुकलेली कुत्री घरी परतेनाशी झाली होती. राजवाड्यातल्या बायकांना तर नाक मुरडायलासुद्धा कारण उरलं नव्हतं, तेव्हा त्यांचे दिवस कसे जात असतील ते तुम्हीच ताडा.

सात वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा हे राज्य गंधांचं राज्य म्हणून दूरदूरच्या देशांना ठाऊक होतं. राजा भद्रसेनाच्या मुकुटाला अत्तर, त्याच्या घोड्याच्या आयाळीला अत्तर, फर्मानाच्या शाईतही अत्तर. हे सगळं अत्तर गाळायची राजगंधीण सारजा. नदीकाठी तिची भट्टी होती आणि तिच्या हाताला असा गुण होता की वाळक्या फुलातूनही ती वास काढी.

मग एके दिवशी दरबारात परदेशी मांत्रिक आला. उंच, हडकुळा, खांद्यावर घोंगडी, टाचांना भेगा. नाव धूम्रकेत. त्याने हात जोडले.

"महाराज, पुष्कळ चाललो. मला आपल्या राज्यात वास हवा."

"एवढंच ना?" राजा हसला. "सारजे, पाहुण्याला वास दे."

सारजाने कनवटीची कुपी काढली, उत्तम मोगऱ्याची, आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. धूम्रकेत कुपीकडे पाहतच राहिला. मग राजाकडे पाहिलं, मग पुन्हा कुपीकडे. त्याचा चेहरा बघून दरबार खो खो हसला. सारजाही हसली. हे हसू पुढे तिला सात वर्षं छळणार होतं.

"वास दिलात?" मांत्रिक म्हणाला. "बरं. मग सगळाच नेतो."

त्याने कुपीचं बूच काढलं. मोगऱ्याचा, तापल्या तव्याचा, गोठ्याचा, पोथीच्या पानांचा, राज्यातला होता नव्हता तो वास सरसर कुपीत शिरला. बूच बसलं. धूम्रकेत सीमेवरच्या काळ्या डोंगरावर जाऊन बसला. जाता जाता त्याने शापाला उतारा मात्र सांगितला, कारण त्या काळच्या मांत्रिकांना तेवढी रीत होती.

"माझ्या कुपीत नाही असा एक वास मला आणून द्या. तीन खेपा देतो, मुदत सात वर्षांची. नाहीतर कुपी पाताळात टाकीन."

पहिली खेप राजाने केली. बर्फाच्या शिखरावरचं निळं कमळ त्याने आणवलं. सीमेच्या अलीकडे पाऊल पडताच कमळाचा वास निघाला आणि डोंगराच्या दिशेने उडून गेला.

दुसरी खेप सारजाने केली. चाळीस फुलं आणि सात मुळ्या घेऊन तिने कुणी कधी गाळलं नव्हतं असं अत्तर गाळलं. नाक नाही, तर केवळ हाताच्या सवयीवर. ते हंड्यातून बाहेर पडायच्या आतच कुपीत जाऊन बसलं होतं. मांत्रिकाची साळुंकी भिंतीवर येऊन निरोप सांगून गेली. "सीमेच्या आत जे जे येतं, जे जे निपजतं, ते ते राज्याचं. राज्याचं ते कुपीचं."

त्यानंतर सारजाने भट्टी विझवली. तिच्या घरात एक पितळी डबा होता. त्यात तिच्या नवऱ्याचं, नागोजीचं उपरणं होतं. नागोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण उपरण्यात तो शिल्लक होता. घाम, कात आणि चंदनाचा भुसा. महिन्यातून एकदा ती डबा उघडी, उपरणं नाकाशी धरी आणि लगेच झाकण लावी, उगाच संपून जायला नको. शापाच्या दिवशी तिने डबा उघडला तेव्हा आत नुसतं कापड होतं. नवरा तिचा त्या दिवशी दुसऱ्यांदा गेला. आणि या वेळी तिने स्वतःच्या हाताने त्याला कुपीत घालून दिला होता.

अशी सात वर्षं सरत आली. मुदतीला दहा दिवस उरले, आणि नेमकी तेव्हाच पाठशाळेला वैशाखातली सुट्टी लागली.

दुसऱ्याच दिवशी आया मेटाकुटीला आल्या. पोरांनी घरं डोक्यावर घेतली होती. तेव्हा अकरा पोरांना हाताला धरून त्या भट्टीवर आल्या.

"गंधीणबाई, तुमची भट्टी तशी थंडच आहे. चार दिवस पोरांना काहीतरी शिकवा. एकदा दमवा तरी!"

सारजाने पोरांकडे पाहिलं. सगळी सात वर्षांच्या आतबाहेरची. वास म्हणजे काय हे एकालाही माहीत नाही. यांना अत्तर काय शिकवायचं? पण अकरा तोंडं तिच्याकडे बघत होती, आणि बाळोजी नावाचा सगळ्यांत धाकटा, गोल गरगरीत मुलगा तर रिकाम्या हंड्यात शिरूनही बसला होता.

"आधी तू बाहेर नीघ," सारजा म्हणाली. "त्यात फुलं घालायचीत."

आणि भट्टी पुन्हा पेटली.

पोरांनी पहाटे मोगरा खुडला, देठ मोडू न देता. तांब्याचा हंडा भरला, झाकणाच्या कडेला ओली माती थापली. हंड्यातून निघालेली वेळूची नळी गार पाण्यातल्या तांब्यात सोडली, आणि त्या तांब्यावर ओली फडकी फिरवायला पाळ्या लावल्या. जाळ किती ठेवायचा हे गंधी नाकाने ओळखतात. ते तर उरलं नव्हतं. म्हणून सारजाने पोरांना कानाने शिकवलं.

"हंड्याजवळ कान न्या. खदखद ऐकू आली तर लाकूड मागे ओढा. गुणगुण ऐकू आली तर असू दे."

अकरा पोरं हंड्याभोवती माना वाकड्या करून बसली. एरवी आयांना जे जमलं नव्हतं ते हंड्याने केलं, पोरं गप्प बसली. सारजाला कित्येक वर्षांत पहिल्यांदा हसू आलं.

पाचव्या दिवशी कुंभाराच्या कनकाने विचारलं. ती बरोबर सात वर्षांची होती, वास गेला त्याच महिन्यात जन्मलेली, आणि एखादी गोष्ट कळेपर्यंत पिच्छा न सोडणारी.

"गंधीमावशी, हे सगळं करून होतं काय?"

मग सारजाने तिला सगळी कहाणी सांगितली. दरबार, घोंगडी, कुपी, तीन खेपा. काही लपवलं नाही.

कनकाने कपाळाला आठ्या घातल्या. "पण त्याने तर वास मागितला होता."

"हो. तोच दिला."

"कुठे दिला? माझा काका गाव सोडून आला तेव्हा त्यानेही बाबांकडे वास मागितला. बाबांनी त्याला मागची खोली दिली. कुपी नाही दिली."

सारजाचा हात हंड्याच्या झाकणावर होता तो तिथेच राहिला. भाजला तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

राज्यातला वास गेला होता, पण शब्द राहिला होता, आणि पोरांना त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. वास म्हणजे राहणं. निवास, वनवास, सहवास.

"उपवास पण," बाळोजी म्हणाला. त्याला भूक लागली होती.

पुष्कळ चाललो, असं तो म्हणाला होता. टाचांना भेगा होत्या. खांद्यावर सारा संसार म्हणजे एक घोंगडी. माणूस डोक्यावर छप्पर मागत होता, आणि अत्तराच्या गर्वाने फुगलेल्या दरबाराने त्याच्या हातावर मोगरा ठेवला, वर हसला. सारजाला अशी लाज वाटली की पोरांसमोर तिने पदर तोंडाला लावला.

भिंतीवर साळुंकी बसली होती. सारजाने तिला विचारलं, "पाखरा, कुपी कुणाचा वास घेते?"

"राज्याचा घेते."

"आणि धन्याचा?"

"धन्याच्या घरचा घेत नाही. पण माझ्या धन्याला घर नाही."

सारजा तशीच उठली आणि राजवाड्यात गेली. तिच्यामागे अकरा पोरं. राजा भद्रसेनाने सगळं ऐकलं आणि मुकुट उतरवून मांडीवर घेतला.

"चूक माझी," तो म्हणाला. "तुझ्या भट्टीशेजारची जागा त्याची. बांधायला गवंडी पाठवू?"

"नको महाराज. गवंड्यांनी बांधली तर ती राज्याची धर्मशाळा होईल, त्याचं घर नाही."

मग पोरांनीच घर बांधलं. प्रत्येकाने आपापल्या अंगणातली माती आणली. कनकाने ती पायांनी तुडवली आणि इतरांनाही तुडवायला लावली. भिंत जरा कललेली झाली. बाळोजीने ओल्या भिंतीवर पंजा उमटवला, मग तो एकटाच ओरडा खाईल म्हणून बाकीच्या दहा जणांनीही उमटवले. वर शिंदीच्या झावळ्या, आत चूल, चुलीशेजारी पाट. उंबऱ्यासाठी मळलेल्या मातीतून थोडी उरली, तिच्या कनकाने चकत्या थापल्या आणि बापाच्या भट्टीत भाजून आणल्या. त्या चकत्या पोरांनी हंड्यात घातल्या, झाकण लावलं, दोन दिवस आळीपाळीने गुणगुण ऐकली. तांब्यात चमचाभर अत्तर उतरलं. सारजाने ते हुंगलं. काहीच नव्हतं. जमलं नाही तर नागोजी पाताळात जाणार होता, आणि चौथी खेप नव्हती.

दहाव्या दिवशी भर दुपारी धूम्रकेत डोंगर उतरला. खांद्यावर तीच घोंगडी, हातात तीच कुपी. राजा आणि रयत दूर उभी राहिली. नव्या घरात चुलीवर भाकरी शेकत होती, आणि भट्टीपुढे फक्त सारजा आणि अकरा पोरं होती.

"तिसरी खेप. काय आणलंत?"

कनकाने दोन्ही हात पुढे केले. त्यात छोटी कुपी होती.

मांत्रिकाचा चेहरा काळवंडला. त्याबरोबर आभाळही काळवंडलं आणि नदी उलटी वाहू लागली. "पुन्हा कुपीच!" तो गरजला. "सात वर्षांनीही कुपीच?" त्याने हातातली कुपी डोक्यावर उचलली. पायाखालची जमीन दुभंगली आणि खाली पाताळ दिसू लागलं.

सारजाने जवळची पोरं मागे ओढली. कनका मात्र जागची हलली नाही.

"हे अत्तर नंतर," ती म्हणाली. "आधी आत या. आणि चपला बाहेर काढा, आत्ताच सारवलंय."

मांत्रिकाचा हात वरच राहिला. "आत? हे कुणाचं घर?"

"तुमचं," कनका म्हणाली. "तुम्ही मागितलं होतं ना?"

धूम्रकेताने त्या कललेल्या भिंतीकडे पाहिलं. अकरा पंजे पाहिले. हळूच हात खाली आणला. चपला काढल्या. दार ठेंगणं होतं, तो वाकून आत गेला आणि पाटावर बसला. घोंगडी खांद्यावरून उतरवून त्याने शेजारी ठेवली. ती ठेवल्याबरोबर घर त्याचं झालं, उंबऱ्याच्या मातीसकट.

आणि वास आला.

ओल्या मातीचा, शेणसारवणाचा, चुलीतल्या धुराचा, तव्यावरच्या भाकरीचा. सात वर्षांत पहिल्यांदा. कुपी तो घेऊ शकत नव्हती. सारजाने दाराची चौकट धरली. पोरांचं मात्र वेगळंच झालं. "नाकात काहीतरी शिरलं!" म्हणून ती ओरडत सुटली, आणि बाळोजी तर दोन्ही हातांनी नाक धरून भोकाड पसरून बसला.

कनकाने आपल्या कुपीत बोट बुडवून ते मांत्रिकाच्या मनगटाला लावलं. "हे तुमच्या उंबऱ्याचं. कुठे बाहेरगावी गेलात तर घ्यायला."

धूम्रकेताने मनगट नाकाशी नेलं ते कितीतरी वेळ खाली आणलं नाही. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"हा माझ्या कुपीत नाही," तो म्हणाला.

"चुकलं आमचं," सारजा म्हणाली. "आपण घर मागितलंत, आम्ही अत्तर दिलं."

"आमच्या देशी घराला दुसरा शब्द नाही, बाई." एवढं बोलून त्याने मोगऱ्याची कुपी उघडली.

सगळे वास बाहेर पडले आणि आपापल्या घरी गेले. चाफ्याचा चाफ्याकडे, गोठ्याचा गोठ्याकडे. जमीन मिटली, नदी सरळ झाली. तान्ही मुलं रडता रडता थांबली आणि आईच्या मानेत तोंड खुपसून झोपली. रानात भरकटलेली कुत्री माना वर करून घराकडे पळत सुटली. मासळी बाजाराचा वास राजवाड्यापर्यंत पोचला तेव्हा तिथल्या बायकांनी सात वर्षांनी नाक मुरडलं आणि आनंदाने एकमेकींना मिठ्या मारल्या. राजाने त्याच दुपारी फर्मान काढलं, साध्या शाईत. राज्यात कुणीही वास मागितला तर आधी त्याला बसायला पाट द्यावा, आणि मगच विचारावं, कुठला.

पोरांना न्यायला आया आल्या. सारजा आपल्या घरात गेली. पितळी डबा समोर घेतला, पण झाकणावर हात ठेवून बसून राहिली. तिला भीती वाटत होती. सगळे परतले, पण हा एक परतला नसेल तर?

कनका निरोप घ्यायला आत आली आणि काही न विचारता तिच्या शेजारी बसली. मग सारजाने झाकण उघडलं.

आधी नुसता पितळेचा वास आला. मग तिने उपरणं उचललं. घाम, कात, आणि चंदनाचा भुसा.

कनकाने नाक पुढे केलं. तिला वास कळू लागून अजून दोन घटकाही झाल्या नव्हत्या. तिने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि विचारलं, "मावशी, इथे कुणाचा वास आहे?"

"यांचा," सारजा म्हणाली. "इथेच असतात."

आणि त्या दिवशी तिने डब्याचं झाकण लावलं नाही.